थोडी तकलीफ

आई, मी दिल्लीहून पाठवलेली पत्रं तुला पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणून त्यांत मी कधी मनातलं लिहिलं नाही. तब्येत बरी आहे, थंडी फार आहे, काळजी करू नकोस, एवढंच. आपल्या घरातलं त्या माणसाला कशाला कळू द्यायचं, असं वाटायचं. आता तू जिथे गेली आहेस तिथे मध्ये कोणी नाही, म्हणून सगळं लिहायला बसलो आहे. सातवीपर्यंतच शिकलो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नाही, पण तुला त्याने काय फरक पडणार. बसल्यापासून दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आलो. सून म्हणते, "बाबा, आपल्याकडे पाइपचा गॅस आहे, सिलिंडर नाही. शांत बसा बघू." पण पाइपमधूनही गॅसच येतो ना? घरात सगळे मला हसतात. तू हसायची नाहीस. तू शेजारणीला सांगायचीस की हे पोर पोटातूनच काळजी घेऊन आलंय, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायचीस. अर्थात औषधाचा दिवस नसेल तर.

त्या औषधाबद्दलच लिहायचं आहे. द्राक्षांवर मारायच्या विषाला आपल्याकडे अजूनही औषधच म्हणतात. गेल्या आठवड्यात इथे दिल्लीत, एका सरकारी इमारतीच्या थंडगार हॉलमध्ये, साहेब लोकांसमोर मी त्या औषधाबद्दल बोलून आलो. मी! तुझा विश्वास बसणार नाही, माझाही अजून बसलेला नाही. सरकार औषधांचे नवे नियम करतं आहे. कोणतं विकायचं, कसं मारायचं, आणि मारल्यावर किती दिवस बागेत माणूस पाठवायचा नाही, असे. नियम करण्याआधी ज्यांचा संबंध येतो त्यांचं म्हणणं ऐकायचं म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. सगळ्यांना म्हणजे औषधं बनवणाऱ्या कंपन्या, दुकानदार, शास्त्रज्ञ आणि बागायतदार. बागेत कामाला जाणाऱ्या बायका त्या सगळ्यांत नव्हत्या. आपल्या नाशिककडच्या काही बायकांनी अर्जावर अर्ज केले, फोन केले, तेव्हा कुठे त्यांच्यातल्या एकीला थोडा वेळ मिळाला. द्राक्षं उतरली होती, पुढची छाटणी सुरू व्हायची होती, म्हणून मधल्या मोकळ्या दिवसांत दोघी जणी रेल्वेने दिल्लीला आल्या. बोलणारी एक आणि तिला सोबत म्हणून दुसरी.

त्यांचं मराठी हिंदीत सांगायला खरं तर एक मुलगी जाणार होती. ती आपल्याच तालुक्यातली, इथे करोलबागेकडे खोली घेऊन कलेक्टरच्या परीक्षेचा अभ्यास करते. रविवारी मेट्रोने नोएडाला आमच्याकडे येते, पिठलं-भाकरी खाते आणि जाताना सुनेशी बोलता बोलता चार भाकऱ्या डब्यात भरून घेते. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. "आजोबा, मला ताप भरलाय. उद्या तुम्हीच जा ना." मी म्हणालो, "अगं, मी सातवी पास माणूस, मला तिथे कोण उभं करणार?" ती म्हणाली, "तुमची हिंदी माझ्यापेक्षा भारी आहे. माझी ऐकून भाजीवाला हसतो. आणि आजोबा, तुम्ही नाही गेलात तर त्या काकू बोलतील आणि कोणालाच काही कळणार नाही. परत बोलावणार नाहीत त्यांना." रात्री आधार कार्ड पाकिटात आहे का ते पाहिलं. मग पाकीट पिशवीत आहे का ते पाहिलं. मग सुनेने पिशवीच उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवली.

तू औषधाला जायचीस तो दिवस मला सकाळीच ओळखू यायचा. निळ्या-हिरव्या डागांचं जुनं लुगडं खुंटीवरून निघायचं आणि तू डोक्याला फडकं घट्ट आवळून बांधायचीस. मीही मागे मागे यायचो. एका लाकडी पिंपात तू मोरचूद विरघळवते आहेस, दुसऱ्यात चुन्याचं पाणी आहे, मग दोन्ही एकत्र ओतलं की आभाळासारखा निळा रंग होतो आणि मी बघत बसतो. परवा नातीला सांगत होतो तर तिला मोरचूद म्हणजे काय ते माहीत नाही. नीला थोथा म्हटलं, तेही माहीत नाही. मग तिने फोनवर चित्र शोधून काढलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तर किती सुंदर आहे यार!" सुंदर होतंच. तू त्यात विळ्याचं पातं बुडवून धरायचीस. पात्यावर तांबूस चढलं की मुकादमाला हाक मारायचीस, "अजून चुना घाला, पानं जळतील." आणि तो घालायचा. पानांची अशी काळजी घ्यायची रीत होती. हातांना काय होईल ते आधी दाखवणारं पातं काही नव्हतं. गंधक फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तुम्ही वेलींवर झटकायच्या तेव्हा सगळ्या बायकांचे डोळे लाल व्हायचे, आणि घरी येताना तुम्ही एकमेकींना "कुणाशी भांडून आलीस गं?" म्हणून चिडवायच्या.

त्या दिवशी तू पिठाला शिवायची नाहीस. हंड्याला शिवायची नाहीस, धाकटीला कडेवर घ्यायची नाहीस. राखेने हात घासून, चिंचेने घासून, नदीच्या वाळूने घासूनही नखांतून वास जायचा नाही. बागेतल्या सगळ्याच बायकांची ती रीत होती. कोणी घालून दिली कोणास ठाऊक, सरकारने नक्कीच नाही. म्हणून औषधाच्या दिवशी भाकऱ्या मी थापायचो. तू चुलीपासून लांब उंबऱ्याशी बसून सांगायचीस, "पाणी बेतानं. कडा आधी दाब, मधे नको. आता फिरव, फिरव की, घाबरतोस काय तिला." माझी पहिली भाकरी तू तोंडात घेतलीस आणि म्हणालीस, "चव भाकरीची आहे. आकार आपल्या गावच्या शिवेचा आहे." तोंडात घेतलीस म्हणजे मी भरवली. तू दोन्ही हात मागे बांधल्यासारखे घेऊन बसलेली, आणि मी एकेक घास मोडून कोरड्यासात बुडवून तुझ्या तोंडात देतो आहे. घास मोठा झाला की तू डोळे वटारतेस. बोलता येत नाही, कारण तोंड भरलेलं. धाकटी टाळ्या पिटते आहे, आईला भरवतात, आईला भरवतात म्हणून. मला ते दिवस आवडायचे, आई. आता लिहिताना लाज वाटते, पण लहानपणी मी वाट बघायचो औषधाच्या दिवसाची.

तुझा मार मी एकदाच खाल्ला, तोही त्या बागेत. फवारलेल्या वेलीचा एक मणी तोडून मी तोंडात टाकला आणि तू ते पाहिलंस. हाताने मारायचीही सोय नव्हती तुला. तू धावत आलीस आणि कोपराने असं ढकललंस की मी बांधावर जाऊन आपटलो. "थुंक. थुंक म्हणते ना!" मी थुंकलो, मग चुळा भरत राहिलो, पाटाचं पाणी संपेल असं वाटेपर्यंत. संध्याकाळी भरवायला बसलो तर तू माझ्याकडे बघत नव्हतीस. घास मात्र घेत होतीस. शेवटचा घास झाल्यावर म्हणालीस, "मला जे होतं ते तुला नको." काय होतं ते मी विचारलं नाही, आठ-नऊ वर्षांच्या पोराला कुठलं सुचायला.

त्या भाकऱ्यांनीच मला इथे आणलं हे तुला माहीत आहे. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात स्वयंपाकघरात भाकरी थापणारा हवा होता, गावातल्या कोणीतरी माझं नाव सुचवलं, आणि मी आलो तो आलोच. पहिल्या दिवाळीला मी पहाडगंजच्या घाऊक बाजारातून तुझ्यासाठी रबरी हातमोजे घेतले. चांगले जाड, नारिंगी रंगाचे. मला वाटलं, आता आईचे हात वाचले. पुढच्या खेपेला गावी येतो तर एक मोजा तुझ्याकडे आणि एक शेजारच्या मावशीकडे. मी चिडलो तर तू शांतपणे म्हणालीस, "अरे, तिचा डावा जास्त खराब आहे, माझा उजवा. वाटून घेतले." उन्हाळ्यात पाहिलं तर तुझ्या वाटणीचा मोजा लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला. "त्यात घाम येतो रे," म्हणालीस, "आणि बरणीला अगदी बरोब्बर बसतो." मी किती दिवस सगळ्यांना हा विनोद म्हणून सांगत होतो.

तर त्या सकाळी मी त्या दोघींना आणायला पहाडगंजला गेलो. स्टेशनासमोरच्या गल्लीत, माझा पोरगा शिकला त्या मराठी शाळेच्या अलीकडे, एका हॉटेलात उतरल्या होत्या. बोलणारी बाई पन्नाशीची असेल. इस्त्रीची साडी, डोळ्यांना चष्मा, आणि बोटांची टोकं अशी की मी पटकन नजर वळवली. तुझी होती तशीच, सालं निघालेली, नखांच्या कडा काळ्या. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ती पोरगी कुठंय?" मी म्हणालो, तापाने पडली आहे, मी आलो आहे. "तुम्हाला जमंल ना काका? का तुम्हालाच कुणीतरी धरून न्यावं लागंल?" सोबतची हसून खाली बसली. मेट्रोत मी त्यांना तीनदा सांगितलं की उतरताना फटीत पाय घालू नका. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, आम्ही औषध उडवणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरपुढं काम करतो. ही फट आम्हाला काय करणारे?"

हॉलमध्ये गेल्यावर मी आधी बाहेर जायचं दार कुठे आहे ते पाहून ठेवलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे माइक, एका बाजूला कंपन्यांची माणसं लॅपटॉप उघडून. मधोमध बसलेले साहेब सज्जन होते, हे सांगायलाच हवं. चहा आला तेव्हा त्यांनी आधी या बायकांना द्यायला लावला. दोन-तीन तास दुसऱ्यांची भाषणं झाली, इंग्रजीत, पडद्यावर चित्रं दाखवून. मग आमची पाळी आली. बाई उभी राहिली आणि सरळ बोलायला लागली, जशी विहिरीवर बोलेल तशी. "साहेब, एका ओळीत ब्लोअर चालू असतो आन दुसऱ्या ओळीत आम्ही घडातले मणी विरळत असतो. ट्रॅक्टर वळला की खाली बसायचं, पदर तोंडावर घ्यायचा, गेला की उठायचं. अंगाची आग होते, रात्रभर होते. डोळ्यातून पाणी थांबत नाही. माझ्या जावेला उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, तिथं औषधाचं नाव विचारलं तर आम्हाला माहीतच नाही, कारण डबा मालकाच्या घरी." ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. सगळा हॉल बघायला लागला. आणि मी म्हणालो, "साहब, ये कह रही हैं कि छिड़काव के बाद थोड़ी तकलीफ़ होती है."

आई, हे कुठून आलं ते सांगतो. मी सगळा जन्म साहेबांच्या टेबलापाशी उभा राहिलेला माणूस आहे. भाकऱ्यांवरून पुढे वाढपाला घेतलं तेव्हा मला एकच गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे कडू काही इकडून तिकडे जाऊ द्यायचं नाही. साहेब वाटी सरकवून म्हणायचे, "ये दाल है या पानी?" मी आत जाऊन आचाऱ्याला सांगायचो, साहेबांना जरा घट्ट आवडते. आचारी ओरडायचा, "म्हणावं, स्वतः येऊन ढवळ!" मी बाहेर येऊन सांगायचो, "बस साहब, पाँच मिनट." दोघंही खूश. माझं नाव होतं त्यासाठी. तीच जीभ मी त्या हॉलमध्ये घेऊन गेलो होतो, आणि ती आपोआप चालत होती. साहेबांनी विचारलं, दस्ताने का घालत नाहीत? बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही हातमोजा घालून कात्रीनं मणी विरळून दाखवा एकदा. आन त्यात औषध शिरलं की हात दिवसभर त्यातच शिजत राहतो." मला बरणी आठवली. आणि तरी मी म्हणालो, "दस्तानों में थोड़ी गर्मी होती है, साहब. घर जाके पानी से धो लेती हैं." सगळं लिहून घेणाऱ्या टंकलेखकाची बोटं टकटक चालली होती.

बाई खाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काका, मी पोतंभर बोलले आन तुम्ही मुठीत मावंल एवढंच दिलं. बाकीचं घरी नेताय काय?" मी पुटपुटलो, "सांगतो, सांगतो, जरा साहेबांच्या कलाने..." "मला हिंदी समजते," ती म्हणाली. "रोज टीव्ही बघते मी. बोलता येत नाही म्हणून तुम्हाला आणलं. माझं कमी करू नका." मग पुन्हा सरळ होऊन ती बोलायला लागली, मुलांबद्दल. म्हणाली, औषधात घड बुडवायचे दिवस असतात तेव्हा मगात औषध असतं, एकेक घड बुडवायचा, कोपरापर्यंत ओघळ येतात. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकाला हात लावत नाही. "माझा धाकटा मला भरवतो, साहेब. मोठा झालाय, लाजतो, पण भरवतो." आई, इतकी वर्षं गेली. पंप गेले, ब्लोअर आले, आपली द्राक्षं जहाजाने परदेशात जायला लागली, आणि ही रीत तिथेच आहे. मी डोळे पुसत होतो, आणि ते हिंदीत सांगायचं राहूनच गेलं. वेळ संपल्याची घंटी वाजली. साहेब म्हणाले, "ठीक है, ठीक है, धन्यवाद," आणि पुढच्याला बोलावलं. आम्ही खाली बसलो.

शेवटी ज्याचं त्याचं म्हणणं वाचून दाखवलं, कारण तेच नियम करणाऱ्यांपुढे जाणार होतं. कंपन्यांचं लांबलचक, दुकानदारांचं, बागायतदारांचं. मग टंकलेखकाने वाचलं, "महिला मज़दूरों ने बताया कि छिड़काव के बाद थोड़ी तकलीफ़ होती है, जो पानी से धोने पर ठीक हो जाती है." आणि पुढचं पान उलटलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती घरदार सोडून रात्रभर रेल्वेत बसून आली होती, आणि तिचं ते पोतंभर बोलणं माझ्या हातून त्या एका ओळीत जाऊन पडलं होतं. आता उठलो नाही तर ती ओळ कायमची तशीच राहणार हे मला कळत होतं. मनात आलं, लघवीला जावं आणि परत येऊच नये. जन्मात कधी कुठल्या साहेबाला थांबवलं नव्हतं मी. "काका," ती हळूच म्हणाली, "उठा की. मी हाय ना शेजारी."

मी उठलो. खुर्ची मागे पडली, त्याचा मोठा आवाज झाला, त्यामुळे सगळे आपोआपच गप्प झाले. मी म्हणालो, "साहब, वो जो थोड़ी तकलीफ़ लिखा है, वो इनका नहीं है. वो मेरा है." साहेबांनी चष्मा काढला. "मतलब?" "मतलब, इन्होंने ज़्यादा कहा था. मैंने कम करके बताया." पलीकडच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेबांनी विचारलं, "क्यों?" "आदत है, साहब," मी म्हणालो. आता आणखी लोक हसले, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी टंकलेखकाला हात केला आणि म्हणाले, "बाबा, अब पूरा बताइए. जैसा कहा था, वैसा."

मग मी सांगितलं. बाई एकेक वाक्य पुन्हा मराठीत बोलायची आणि मी ते जसंच्या तसं ठेवायचो. आग म्हणजे आग, उलटी म्हणजे उलटी. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. तिने भरवायचं सांगितलं तेही मी सांगितलं, आणि मधेच अडकलो नाही. ती म्हणाली, "द्राक्षं जहाजात चढायच्या आधी तपासतात, कागद येतो, मग जातात. आमचं कोण तपासतं?" तेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, औषध मारल्यावर किती दिवस बागेत जायचं नाही हे जिथे ठरवता, त्या टेबलाशी एक खुर्ची आमचीही ठेवा, दर वेळी, आज ठेवली तशी अर्ज करून नाही. टंकलेखकाने मला दोनदा थांबवून विचारलं, मी दोनदा सांगितलं. "थोड़ी तकलीफ़" पुसली गेली. मी पडद्यावर पाहिलं स्वतःच्या डोळ्यांनी.

नियम अजून आलेले नाहीत. खुर्ची मिळेल की नाही मला माहीत नाही. ती मुलगी म्हणते, "आजोबा, रेकॉर्डवर आलं ना, आता कोणी म्हणू शकत नाही की माहीत नव्हतं." तिचा ताप उतरला आहे. मी रोज तिला फोन करून विचारतो, काही कळलं का, आणि ती रोज सांगते की आजोबा, सरकार आहे, भाकरी नाही.

पण एक राहिलं. सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं होतं, "लेकिन दफ़्तर में आज तक इसकी एक भी शिकायत दर्ज नहीं है. ऐसा क्यों?" बाई म्हणाली, "तक्रार केली की दुसऱ्या दिवशी मजूर नेणाऱ्या टोळीच्या गाडीत आपल्याला जागा नसते." ते मी सांगितलं. तिचं तेवढंच होतं. आणि माझं तोंड थांबलं नाही. मी पुढे म्हणालो, "और साहब, किसी ने पूछा भी नहीं. पूछते, तो बता देते." टंकलेखकाने ते लिहून घेतलं. बाईला हिंदी समजते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग समोर बघायला लागली. कमी केलेलं तिने लगेच पकडलं होतं. वाढवलेलं तिने राहू दिलं.

तुला दम लागायला लागला तेव्हा मी तुला दिल्लीला आणलं होतं आणि टेकडीवरच्या हिंदूराव हॉस्पिटलमध्ये दाखवलं होतं. तो डॉक्टर अगदी पोरगेला होता. त्याने विचारलं, माँजी काय काम करायच्या? मी तुला मराठीत विचारलं आणि तू जी सुरू झालीस ती थांबेचना. पिंप, मोरचूद, गंधक, मुकादम, मावशीचा डावा हात, सगळं. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला, मागे एवढी रांग असून. त्याला त्यातलं किती कळलं माहीत नाही, आणि दम कशाने लागला हे त्यालाही ठामपणे सांगता आलं नाही. बाहेर आल्यावर तू पायरीवर बसलीस. समोरच्या भिंतीवर माकडं बसली होती आणि मी औषधांची पिशवी छातीशी धरून उभा होतो, कोणी ओढून नेईल म्हणून. तू म्हणालीस, "बरं वाटलं." मी म्हणालो, "अगं, अजून गोळी घेतली नाहीस." तू म्हणालीस, "विचारलं ना रे त्यानं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." मी म्हणालो, चल, बस चुकेल.

ते वाक्य आता त्या बाईच्या नावावर सरकारी कागदात आहे. दुसऱ्याचं म्हणणं सांगणाऱ्याने त्यात आपल्या घरातलं घालू नये, एवढं मलाही कळतं. घरी आल्यावर सुनेला मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बाबा, तेही दुरुस्त का नाही करून घेतलंत?" मी म्हणालो, दुसऱ्यांदा उठायचं धाडस झालं नाही. तिला ते पटलं. इथे कोणाला माझ्या भित्रेपणाबद्दल शंका नाही. पण ते खरं नव्हतं, आई. दुसऱ्यांदा उठायला मला काहीच वाटलं नसतं. तुझं ते वाक्य मला तिथेच राहायला हवं होतं.